इंजन फिरे, पन लागे नाई

जीपनं दोन धक्के देल्ले, तिसऱ्या धक्क्याले म्हातारं मानूस खोकलते तशी खोकलली आन् बंद पडली. रस्त्याच्या मधातच. इकडं जंगल, तिकडं जंगल, वरते ऊन आन् माया मांडीवर पोरगी.

"काय झालं जी?"

"काई नाई. लागते."

यायनं स्टार्टर दाबला. घर्र घर्र घर्र घर्र. इंजन फिरे, सारी जीप हाले, मायी मांडी हाले, मांडीवरची पोरगी हाले, पन लागे नाई. हे थांबले, अजून दाबला. घर्र घर्र घर्र. मले वाटे आता लागते, आता लागते. मी बी मनातल्या मनात जोर लावून राह्यली होती, बाळंतपनात बाया म्हनतात ना, लाव वो जोर, लाव, तसा. लागलीच नाई.

पोरगी नऊ महिन्याची होती. काल सांजेपासून हगवन, नुसतं पानी, वरून ओकारी. लुगड्याचे तुकडे फाडून फाडून संपले. पहाटेपर्यंत रडे, रडे तवा बरं होतं, मंग रडनं बी बंद झालं. नुसती तोंड वासे, डोळ्यातून थेंब निघे नाई. टाळूवर बोट ठेवलं तं खड्डा लागे. आमच्या शेजारी एक गोंडीन म्हातारी राहे, साऱ्या लेकरायले झाडपाल्याचं औषध तीच देत होती. तिनं टाळूवर हात ठेवला आन् म्हटलं, "हे मायं काम नाई वो बाई. दवाखान्यात ने. चूल बी नको पेटवू, निघ." ती औषध देनारी बाईच असं म्हनते म्हटल्यावर मी यायले हाक मारली.

दवाखाना कुरखेड्याले. आमी होतो तिथून वीस-बावीस किलोमीटर, सारा जंगलाचा रस्ता, येष्टी दिवसातून एकदा, ते बी आली तं आली.

हे तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप चालवत होते. उन्हाळ्यात पत्ता निघते तवा ठेकेदार जंगलात जागोजागी फळी मांडते, फळी म्हनजे लोकं पत्त्याचे पुडे बांधून आनतात, उन्हात वाळू घालतात ती जागा. आमी तिथीच कुडाच्या झोपडीत राहत होतो. ठेकेदाराचा मुंशी सकाळी आला, पोरीकडं पाह्यलं आन् म्हटलं, "ने बापा गाडी ने, पन दुपारी इथी पाह्यजे." जीपात पेट्रोल नसल्यासारखंच होतं. यायनं घरातला कॅन आनला, सारा टाकीत वतला, मले आन् पोरीले बसवलं आन् निघाले. चार-पाच किलोमीटर चांगली चालली. मंग हे असं.

हे उतरले, बोनेट उघडलं. मी बसून. गरम वाफेसारखा वास आला.

"अजी, लवकर करा ना."

"मी काय झोपून राह्यलो का इथी?"

मंग जरासे नरम झाले. यायची सवय होती, गाडीचं काई बिघडलं का मोठ्यानं बोलत, मले सांगत का गाडीले सांगत का स्वतःले, ते मले कधी समजलं नाई. म्हने, "फिरते तं हाय. म्हनजे बॅटरी चांगली. बॅटरी गेली असती तं फिरलीच नसती. फिरते पन लागत नाई म्हनजे दोनातली एक गोष्ट. एक तं आग नाई पोचून राह्यली, नाई तं पेट्रोल नाई पोचून राह्यलं. चुलीचं कसं असते? लाकूड हाय पन काडी नाई, नाई तं काडी हाय पन लाकूड नाई."

चुलीचं म्हटल्यावर मले बी थोडं समजलं.

आधी आग पाह्यली. प्लग खोलला, वायरीसकट इंजनाच्या लोखंडाले टेकवला आन् मले म्हटलं, "मी म्हटलं का स्टार्टर दाब." मी पोरीले डाव्या खांद्यावर टाकलं, ड्रायव्हरच्या जागेवर सरकली. जिंदगीत पहिल्यांदा त्या जागेवर बसली.

"दाब!"

दाबला. घर्र झालं तशी मी घाबरून सोडला.

"सोडून काऊन देल्लं? चावते का ते? दाबून धर!"

धरला. बोनेटच्या फटीतून मले दिसलं, प्लगाच्या तोंडाशी निळी ठिनगी, टिक टिक टिक.

"आग हाय," हे म्हटले. खूश झाले जसं काई गाडीच लागली.

मंग पेट्रोल पाह्यलं. कारबोरेटरले जानारी नळी काढली, खाली पंपाची एक दांडी असते ते हातानं वरखाली केली. नळीतून पिचकारी निघाली, बदकन रस्त्याच्या फुफाट्यात पडली आन् जिरली.

"पेट्रोल बी हाय!"

आता आग बी हाय, पेट्रोल बी हाय, काडी बी हाय, लाकूड बी हाय. मंग चूल काऊन पेटत नाई? हे तिथीच कमरेवर हात ठेवून उभे. मी त्यायच्या तोंडाकडं पाहो, ते इंजनाकडं पाहे. पोरीनं मान टाकली. मी तिच्या गालाले चिमटा घेतला, आईच्या हातानं घेतला, जोरात घेतला. डोळे उघडले तिनं, अर्धे.

"ओव्हर झाली असन," हे म्हटले. म्हनजे पेट्रोल जास्त गेलं, प्लग ओले झाले. पूर्न अॅक्सिलेटर दाबून स्टार्टर मारला. नाई. प्लग फडक्यानं पुसले, परत लावले. नाई. चोक ओढला, सोडला. नाई. दर वेळी घर्र घर्र पहिल्यापेक्षा हळू होऊन राह्यलं होतं, मले वाटलं आता हे बी बंद पडन.

मंग म्हटले, "गरमीनं पेट्रोल उडून राह्यलं असन. पंपाजवळ हवा धरली. ओलं फडकं गुंडाळलं का होते ठीक. पानी दे."

पानी म्हनजे एकच बाटली होती. पोरीसाठी उकळलेलं, मीठ-साखर टाकलेलं. चमच्या-चमच्यानं तिच्या ओठात सोडत होती.

"हे पोरीचं हाय जी."

"मले काय दिसत नाई का पोरीचं हाय ते? गाडी लागली तं पोरगी पोचन. दे इकडं."

देल्ली. यायनं अर्ध्यापेक्षा जास्त पानी फडक्यावर वतलं, फडकं पंपाले गुंडाळलं. पानी इंजनावरून खाली ठिबकलं, चर्र वाजलं, एक धार खाली रस्त्यावर आली. तिथी आधीच पेट्रोल सांडून डाग पडला होता. पान्याची धार त्या डागावरून गेली, आन् पान्यावर पेट्रोलचे रंग तरंगले, निळे-जांभळे. वरते. पेट्रोल वरते, पानी खाली.

तवा मले आठवलं.

आता कसं सांगू. आठवलं म्हनजे मी विसरली होती असं नाई. पन मले ते गाडीशी जोडलंच नव्हतं. दोन दिवसाआधी आमच्या बाजीत ढेकून झाले होते, इतके का पोरीच्या पाठीवर गांधी उठल्या. रॉकेल टाकून पाह्यलं, मरेनात. फळीवरची एक बाई म्हने, "पेट्रोल टाक वो, एका मिनिटात साफ." पेट्रोलचा कॅन घरातच राहे, कोपऱ्यात, चुलीपासून दूर. त्याले हात लावाचा नाई असं यायनं मले शंभरदा बजावलं होतं. पेट्रोल ठेकेदाराचं. आधीचा ड्रायव्हर पेट्रोल विकत होता म्हनून त्याले हाकललं होतं, त्यामुळं हे कॅनावर कोळशानं रेघ मारून ठेवत. कॅन पांढऱ्या प्लास्टिकचा, बाहेरून दिसे किती हाय ते. रोज सकाळी पाहे, रेघेवर हाय का नाई.

हे कामावर गेले तवा मी वाटीभर घ्याले गेली. कॅन जड. माया हातून कलंडला. भदभद भदभद, उचलेपर्यंत जमिनीनं पिऊन टाकलं. रेघेखाली चार बोटं गेलं.

मी काय करू? घाबरली. आन् मले माया माहेरची चिमनी आठवली. आमच्या घरी चिमनीत रॉकेल कमी झालं, वात पोचत नसली का माय चिमनीत पानी टाके. पानी खाली बसते, रॉकेल वरते चढते, वात भिजते, चिमनी जळते. आमच्याकडं सारेच करत होते, रॉकेल महिन्याच्या आखरी कोनाकडं राहे? लहानपनी मी बी कितीकदा टाकलं, मापानं टाकाचं असते, जास्त झालं का वात तडतड करून विझते. मले वाटलं पेट्रोल बी तसंच. पानी खाली बसन, पेट्रोल वरते राहीन, रेघ बरोबर होईन, गाडी वरचं पेट्रोल पिईन. दीड तांब्या पानी टाकलं. बरोबर रेघेवर आलं. सांजेले यायनं कॅन पाह्यला, काई बोलले नाई. मले वाटलं सुटली.

आन् सकाळी घाईत यायनं सारा कॅन टाकीत उलटा केला.

मी जीपात बसून ते रंग पाहत राह्यली. मायं डोकं चालेना. पानी हाय तं हाय, खाली बसलं असन, काई करत नसन. चिमनी तं जळते. पन चिमनीची वात वरतून पिते. जीप कुठून पिते? मले मालूम नव्हतं. मालूम करून घ्याचं बी भेव वाटे.

तरी इचारलं. "अजी, टाकीतून नळी पेट्रोल घेते ते वरून का खालून?"

"तुले काय कराचं त्याचं?"

"नाई, असंच."

"इथी पोरगी अशी पडली आन् तुले असंच सुचून राह्यलं! खालून घेते, बुडातून. वरून घेतली तं अर्ध्या टाकीवर गाडी बंद नाई पडनार का? पाचवी शिकली न् एवढं समजत नाई."

समजलं. सारं समजलं. जीप पानी पिऊन राह्यली होती. ते पिचकारी निघाली, बदकन पडली, ते पानीच जास्त होतं, पेट्रोल नावाले. यायच्या हाताले, अंगाले, नाकाले पेट्रोलचाच वास होता, त्यायले कसं समजन?

तोंडापर्यंत आलं. आलं आन् थांबलं. यायनं मले कधी हात नाई लावला, खोटं काऊन बोलू. पन लगनाले दोनच वर्षं झाले होते. दोन वर्षात मानूस किती वळखते? आमी फळीवर निघालो तवा सासूनं यायले म्हटलं होतं, "भोळी हाय, सांभाळून घेजो," ते कौतुकानं म्हटलं का टोमना होता ते मी अजून ठरवू नाई शकली. आता मी म्हनन का पेट्रोलात पानी मी टाकलं. ठेकेदाराच्या पेट्रोलात. तुमी रेघ मारत होते ते मी खोटी केली. आन् मायामुळंच मायी पोरगी रस्त्यावर पडली हाय. हे आखरीचं तोंडातून निघतच नव्हतं. जसं मी बोलली नाई तं ते खरं नाई होनार.

म्हनून मी गप्प बसली. हे परत वाकले, परत घर्र घर्र. ओलं फडकं सुकलं. मी पोरीले घेऊन उतरली, रस्त्याच्या कडंच्या मोहाच्या झाडाखाली बसली. बाटलीत राह्यलं होतं ते चार-पाच चमचे पाजलं, दोन पोटात गेले, बाकी गालावरून ओघळले. आता बोलते, आता बोलते. यायनं डिस्ट्रिब्यूटरचं झाकन काढलं, पुसलं, लावलं. आता बोलते. झाडाची सावली मायावरून सरकली, मी बी सरकली, पन बोलली नाई. देवाले नाई मानत आमी, पन त्या दिवशी मी कोनाले तरी म्हनून राह्यली होती, तूच लाव, तूच लाव, मले बोलाले नको लावू.

तवा वळनावरून ट्रकाचा आवाज आला. बांबूनं भरलेला ट्रक, मुंगीच्या चालीनं. ड्रायव्हर थांबला, उतरला. पन्नाशीचा असन, सिरोंच्याकडचा, तेलुगू, हिंदी, मराठी सारं एकाच तोंडात.

"क्या हुआ तम्मुडू?" तम्मुडू म्हनजे लहान भाऊ, ते मले मागून समजलं.

"फिरते, पन लागत नाई," हे म्हटले.

"मेरी घरवाली भी ऐसीच हय. दिनभर फिरती, कामले लागत नाई." आपनच हसला. मंग झाडाखाली मी दिसली, मांडीवरची पोरगी दिसली, हसनं तोंडातच राह्यलं.

"करंट हय?"

"हाय."

"पेट्रोल?"

"हाय."

"दोनो हय तो लागत काऊन नाई?"

"तेच तं सकाळपासून मी बी इचारून राह्यलो त्याले," हे चिडून म्हटले.

त्यानं बी वाकून पाह्यलं, वायरी हलवल्या, एकदा घर्र करून पाह्यलं. मंग पोरीकडं आला, तिची चामडी चिमटीत धरून सोडली. चामडी तशीच उभी राह्यली, खाली बसेचना. तो उठला. "अम्माले ट्रकात पाठव. कुरखेड्यावरूनच जातो मी."

"दहा मिनिटात लागते भाऊ. ट्रकापेक्षा जीप लवकर पोचन."

"तेरा दस मिनट कितने बजे से चालू हय?"

हे मायाजवळ आले, खाली बसले, हळूच म्हटले, "अनोळखी मानूस हाय. एकटी जाशीन? मी गाडी सोडून येऊ नाई शकत, कोनी खोलून नेली तं ठेकेदार मले सोडनार नाई. दहा मिनिट थांब ना." त्यायच्या गालावर काळं तेल लागलं होतं. डोळे लाल. त्या मानसाले मी काय सांगत होती? अन् काय सांगत नव्हती?

मी उठली. पोरीले खांद्यावर टाकलं, ट्रकाजवळ गेली. पायरी उंच होती, लुगडं वर खोचलं, एक पाय पायरीवर ठेवला, दांडी धरली. आन् तिथून, एक पाय वरते एक पाय खाली, मी म्हटलं, "अजी, टाकीत पानी असन."

"काय?"

"पानी. पेट्रोलात पानी. खाली बसलं असन बुडाशी."

"पानी कुठून येईन टाकीत?"

"मले काय मालूम? असन म्हनते. खालून खोलून पाहा ना." आन् वर चढली. दार लावलं.

लोकं म्हनतात, लेकरासाठी हिंमत केली, परक्या ट्रकात बसून गेली. हे बी तसंच समजतात. मी लेकरासाठी गेली हे खरं हाय. पन मी पळून बी गेली. टाकीतून पानी निघन तवा मले तिथी राहाचं नव्हतं. दोन्ही खरं हाय, कोनतं किती ते मले आज बी मोजता येत नाई.

ट्रक निघाला. आरशात पाह्यलं तं हे जीपाखाली घुसून राह्यले होते, नुसते पाय दिसत. मंग वळन आलं.

ट्रकवाल्याकडं मडक्यात पानी होतं. मी चमच्यानं पाजत राह्यली. रस्ता खराब, ट्रक दर खड्ड्याले डुले, अर्धं पानी पोरीच्या तोंडात, अर्धं माया अंगावर. तो म्हने, "पाजत राह, थांबू नको." आन् मी काय केलं, काऊन केलं, त्या परक्या मानसाले सारं सांगून टाकलं. कॅन, ढेकून, रेघ, चिमनी. एका श्वासात. घरच्या मानसाले जे एका मोहाच्या सावलीएवढ्या वेळात नाई सांगू शकली, ते त्याले दोन वळनात सांगतलं.

तो मंग खो खो हसला. "हमारे गाँव में भी डालते, दिये में पानी. मायी माय बी टाके." परत हसला. "ढेकून मेले का मंग?"

"नाई मेले," मी म्हटलं, आन् मले रडू फुटलं.

मंग तो नाई हसला. गिअर बदलला, म्हटलं, "पाज अम्मा, पाज."

किती वेळ झाला ते मालूम नाई, मागून हॉर्न वाजला. वाजतच राह्यला. ट्रकवाल्यानं आरशात पाह्यलं आन् ट्रक कडंले घेतला. आमची जीप. बाजूनं आली, पुढं जाऊन थांबली. हे उतरून धावत आले, सारे धुळीनं, तेलानं भरले, आन् हसून राह्यले होते.

"पानीच होतं वो! टाकीखालचा नट खोलला तं नळासारखं पानी! मंग पेट्रोल. कारबोरेटरातली वाटी बी पान्यानं भरली होती, पुसली, दोन स्टार्टरात लागली!"

त्यायनं पोरीले माया हातून घेतलं, मले खाली उतरवलं. ट्रकवाल्यानं मायाकडं पाह्यलं. मी त्याच्याकडं नाई पाह्यलं. तो म्हटला, "जाओ जाओ, जल्दी जाओ," आन् हात हालवला.

जीप हवेसारखी पळाली. हे एका हातानं स्टेअरिंग धरून मोठ्यानं बोलून राह्यले होते. "मी ड्रायव्हर, तो तीस वर्षाचा ड्रायव्हर, दोघायले नाई सुचलं. तुले कसं सुचलं वो?"

"चिमनीत पानी टाकतात ना. पानी खाली बसते." एवढं खरं होतं, तेवढंच सांगतलं.

"चिमनी!" यायनं स्टेअरिंगवर हात मारला. मंग जराशानं म्हटले, "पन आलं कुठून? पेट्रोल पंपावाल्यानंच टाकलं असन. त्याच्या टाकीत असन पानी. पाहतो त्याले."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात पोरीनं उचकी देल्ली, तिचे डोळे वर फिरले, आन् मी ओरडली, "पळवा जी, पळवा!" यायनं पळवली. मंग पानी कोनं टाकलं ते तिथीच राह्यलं.

दवाखान्यात डॉक्टरनं पोरीले टेबलावर घेतलं, इचारलं, "लघवी कधी केली शेवटची?" मले आठवेना. काल? आज? "एवढा उशीर काऊन केला?" हे म्हटले, "गाडी बंद पडली साहेब." मी खाली पाह्यलं. हाताची शीर सापडेना, पायाची सापडेना, आखरी डोक्याले सुई लावली, बाटली लावली. मी बाटलीचे थेंब पाहत बसली. एक, मंग थांबे, मंग एक. दुसऱ्या दिवशी सांजेले पोरगी रडली, आन् डोळ्यातून पानी आलं. बाजूच्या खाटेवरची बाई म्हने, "चूप कर ना तिले." मी म्हटलं, "रडू दे वो, रडू दे."

वाचली. आता तीन वर्षाची होईन, घरभर धावते, मी हे लिहून राह्यली त्या वहीवर रेघा मारते.

हे ते गोष्ट साऱ्यायले सांगतात. मुंशीले सांगतली, ठेकेदाराले सांगतली, सासूले सांगतली. "पाचवी शिकली हाय, पन जे दोन ड्रायव्हरले नाई समजलं ते हिनं बसल्या जागी वळखलं." सासू आता मले भोळी नाई म्हनत. पाहुने आले का मले चहा घेऊन बाहेर बोलावतात आन् हे म्हनतात, "सांग वो तू कसं वळखलं ते." मी सांगते, चिमनीचं. सारे हसतात, वाहवा करतात. पंपावाल्याशी यायचं जोरात भांडन झालं, तो शपथा घेऊन राह्यला होता, यायनं ऐकलं नाई. आता हे त्याच्याकडं पेट्रोल नाई घेत, दूरच्या पंपावर जातात. तो मानूस मले एकदा बाजारात दिसला, मी रस्ता बदलला.

वर्षं झाले तरी सांगतलं नाई. आता सांगतलं तं यायले पान्याचं नाई वाईट वाटनार, इतक्या लोकायसमोर मायं कौतुक करत राह्यले त्याचं वाटन. आन् मोहाखाली मी किती वेळ चूप बसली होती, ते इचारतील. त्याचं उत्तर मायाजवळ नाई. घड्याळ नव्हतं. सावली बुंध्याच्या एका अंगाले होती ते दुसऱ्या अंगाले गेली होती, एवढंच मालूम हाय. तेवढा वेळ मायी पोरगी तिथी पडली होती आन् दोन शब्द माया तोंडात होते.

मी स्वतःले इचारते तं कधी वाटते, मी आखरी बोलली ना, म्हनूनच गाडी लागली. कधी वाटते, बोलली तं खरी, पन अर्धंच बोलली, आन् ते बी पळाची जागा पाहून बोलली. कधी वाटते, तवाच सारं सांगतलं असतं तं हे रागानं वेडे झाले असते आन् अजून उशीर झाला असता. कधी वाटते, नाई, ते नुसते म्हनले असते, "आधी काऊन नाई सांगतलं," आन् नट खोलला असता. मले मानूसच नाई वळखता आला का वेळ नाई वळखता आली, समजत नाई.

तुमी लिहिलं-वाचलेले लोकं असान. तुमच्या मांडीवर लेकरू असतं, समोर नवरा तेलानं भरलेला, गाडी फिरे पन लागे नाई, आन् काऊन लागे नाई ते तुमालेच मालूम असतं, तं सांगा, तुमी त्या झाडाखाली काय केलं असतं?